वाचकांचे प्रश्न : मनाच्या बदलत्या अवस्थांचे गणित

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. शिकणारा, विसरणारा, अंदाज बांधणारा आणि मत बदलणारा कोणताही कर्ता घ्या, मग तो माणूस असो, प्राणी असो वा संगणकीय आज्ञावली. त्याच्या आतल्या अवस्थेत काळानुसार होणारा बदल गणितात कसा पकडायचा, हा तो विषय. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी आहे. मनाचे प्रतिमान (म्हणजे गणिती मॉडेल) मांडताना सुरुवातीलाच कर्त्याची ‘अवस्था’ काही मोजक्या आकड्यांनी दाखवली जाते. माणसाच्या वागण्यामागे त्याचा सगळा भूतकाळ उभा असतो. तो चार आकड्यांत बसवणे ही फसवणूक नाही का?

सगळा भूतकाळ अवस्थेत साठवला पाहिजे अशी अट कोणी घालत नाही. प्रतिमान मांडणारा एवढाच दावा करतो की भूतकाळाचा जो सारांश मी हाताशी ठेवला आहे, तो कळल्यावर पुढचा अंदाज बांधण्यासाठी उरलेल्या इतिहासाकडे वळण्याची गरज पडणार नाही. हा सारांश कोठे पुरतो आणि कोठे तोकडा पडतो, यावरच या विषयातले बहुतेक वाद उभे आहेत, आणि समीकरणे कितीही गुंतागुंतीची असली तरी आमच्या मते खरा कस याच प्रश्नात लागतो.

या विचाराचे मूळ रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांच्या कामात आहे. १९१३ मध्ये त्यांनी पुश्किनच्या एका काव्यकादंबरीतील सलग वीस हजार अक्षरे घेतली आणि त्यांतील स्वर व व्यंजने मोजली. स्वरांचे एकूण प्रमाण सुमारे ४३ टक्के निघाले. पण स्वराच्या लगेच पाठोपाठ स्वर येण्याचे प्रमाण जेमतेम १३ टक्के होते, तर व्यंजनानंतर स्वर येण्याचे प्रमाण ६६ टक्के होते. म्हणजे आधीचे एकच अक्षर माहीत असले तरी पुढच्या अक्षराचा अंदाज कितीतरी सुधारतो. भाषा एवढ्यावर संपत नाही हे उघड आहे, पण ‘किती मागचे लक्षात ठेवल्यावर पुरते’ हा प्रश्न मोजमापाने सोडवता येतो, हे तेथे दिसले.

हीच कल्पना शिकणाऱ्या प्राण्याला लावून पाहू. रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅगनर यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात, घंटेनंतर अन्न मिळते हे शिकणाऱ्या प्राण्याची अवस्था म्हणजे एकच संख्या असते, ती म्हणजे घंटा आणि अन्न यांच्यातील संबंधाचे बळ. दर वेळी अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांत जो फरक पडतो, त्याचा ठरावीक अंश त्या संख्येत मिळवला जातो. बळ शून्यापासून सुरू केले, कमाल मर्यादा १ मानली आणि तो अंश एक पंचमांश ठेवला, तर पहिल्या खेपेनंतर बळ ०.२, दुसऱ्या खेपेनंतर ०.३६ आणि तिसऱ्या खेपेनंतर ०.४८८ होते. शिकण्याचा वेग आपोआप मंदावतो, कारण चकित होण्याजोगे दर खेपेस कमी उरते. लिओन कामिन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवरील प्रयोगांत दाखवलेली गोष्टही या साध्या नियमातून निघते. एका संकेतावरून पुढे धक्का बसणार हे उंदीर आधीच शिकलेला असेल, तर नंतर त्या संकेताच्या जोडीने दिलेल्या दुसऱ्या संकेताबद्दल तो जवळजवळ काहीच शिकत नाही. कारण अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत भरून काढण्याजोगा फरकच शिल्लक नसतो.

पण एका संख्येचा तोकडेपणाही येथेच उघडा पडतो. घंटेनंतर अन्न देणे थांबवले की बळ घसरत शून्याकडे येते. असा प्राणी आणि घंटा कधीच न ऐकलेला प्राणी यांच्यात प्रतिमानाच्या हिशेबी काहीच फरक नाही, कारण दोघांची संख्या शून्य. प्रत्यक्षात मात्र काही काळ विश्रांती मिळाल्यावर पहिल्या प्राण्याचा प्रतिसाद अंशतः परत येतो, हे अशा प्रयोगांचे जनक, रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी खुद्द नोंदवले होते. शिवाय पुन्हा शिकवल्यास तो नवख्या प्राण्यापेक्षा लवकर शिकतो. प्रतिमान ज्या दोन कर्त्यांना एकाच अवस्थेत समजते ते वेगवेगळे वागू लागले, की अवस्थेतून काहीतरी गळले आहे असे समजावे. आपण ज्याला फसवणूक म्हणता, ती पकडण्याची ही सर्वांत भरवशाची पद्धत आहे.

गळलेले भरून काढण्यासाठी अवस्थेत आणखी संख्या घालता येतात: शिकलेले आणि त्यावर नंतर घातलेला आवर यांची दोन वेगळी बळे ठेवता येतात, किंवा प्रसंगाची खूणही साठवता येते. मात्र वाढवलेल्या प्रत्येक संख्येची किंमत मोजावी लागते. ती संख्या बाहेरून दिसत नाही, वागण्यावरूनच तिचा अंदाज बांधावा लागतो, आणि निरीक्षणे तेवढी नसतील तर प्रतिमान काहीही सिद्ध करू लागते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. काही शैक्षणिक संगणक-कार्यक्रम विद्यार्थ्याने चार-पाच उदाहरणे सोडवली की ‘या घटकावर ९५ टक्के प्रभुत्व’ असे दाखवतात. विद्यार्थ्याच्या डोक्यात काय आहे हे मला वर्षभर शिकवूनही नीट सांगता येत नाही. मग हा आकडा येतो कोठून?

सगळेच कार्यक्रम एकाच पद्धतीने हिशेब करतात असे नाही. पण या आकड्यामागची सर्वांत प्रसिद्ध पद्धत ॲल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास, प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या एका संगणकीय शिक्षकासाठी मांडली. ती जितकी वापरली जाते तितकी तिची गृहीतके सांगितली जात नाहीत, म्हणून येथे हिशेब करूनच दाखवतो.

या प्रतिमानात विद्यार्थ्याची खरी अवस्था दोनच प्रकारची असू शकते: घटक येतो किंवा येत नाही. ही अवस्था आपल्याला दिसत नाही. दिसते ते फक्त उत्तर. त्यामुळे चार प्राचल, म्हणजे प्रतिमानात आधी ठरवून घालायच्या संख्या, लागतात. पहिला, सुरुवातीलाच घटक येत असण्याची संभाव्यता. दुसरा, एका उदाहरणाच्या सरावातून ‘येत नाही’ वरून ‘येतो’ वर जाण्याची संभाव्यता. तिसरा, येत नसतानाही अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची. आणि चौथा, येत असूनही हातून चूक होण्याची. समजा, ही मूल्ये अनुक्रमे ०.३, ०.१, ०.२ आणि ०.१ आहेत.

विद्यार्थ्याने पहिले उत्तर बरोबर दिले. घटक येत असून उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता ०.३ गुणिले ०.९ म्हणजे ०.२७, येत नसून अंदाजाने बरोबर येण्याची ०.७ गुणिले ०.२ म्हणजे ०.१४. या दोहोंची बेरीज ०.४१ होते आणि त्यात ०.२७चा वाटा सुमारे ०.६६ आहे. त्यात या उदाहरणातून शिकण्याची शक्यता (उरलेल्या ०.३४चा दहावा भाग) मिळवली की आकडा ०.६९ होतो. म्हणजे एका बरोबर उत्तराने आपला विश्वास तीस टक्क्यांवरून जवळजवळ सत्तरवर गेला. आता दुसरे उत्तर चुकले तर त्याच रीतीने हिशेब करून आकडा ०.३० येतो, आपण जेथून निघालो जवळपास तेथेच परत आलो. यानंतर सलग तीन उत्तरे बरोबर आली तर आकडा ०.६९, ०.९२ आणि ०.९८ असा चढत जातो. ०.९५ ही प्रभुत्वाची प्रचलित मर्यादा तिसऱ्या उत्तराला ओलांडली जाते आणि पडद्यावर ते वाक्य उमटते.

तर ‘९५ टक्के प्रभुत्व’ याचा अर्थ विद्यार्थ्याला घटकाचा ९५ टक्के भाग येतो असा होत नाही. ‘घटक पूर्ण येतो’ या विधानावर प्रतिमानाचा ९५ टक्के विश्वास आहे, एवढाच त्याचा अर्थ. अर्धवट समजणे, चुकीची रीत पक्की होणे, या अवस्थांना येथे जागाच नाही. मूळ मांडणीत विसरण्यालाही जागा नाही: एकदा ‘येतो’ या बाजूला गेलेला विद्यार्थी तेथेच राहतो, मग पुढचे उदाहरण दहा मिनिटांनी आले काय किंवा सुट्टीनंतर आले काय. आपण वर्षभर शिकवून जे पाहता त्यातला बराच भाग नेमका या वगळलेल्या जागांत असतो. म्हणून आकड्याने आपल्या निरीक्षणाला बाजूला सारण्याचे काहीच कारण नाही. पुढचे उदाहरण सोपे द्यावे की नवा घटक सुरू करावा, एवढ्या मर्यादित निर्णयासाठी मात्र ही पद्धत चांगली उपयोगी पडते, आणि ती त्यासाठीच घडवली गेली.

आणखी एक अडचण आहे, ती जाणकारांनाही चकवते. वरच्या मूल्यांऐवजी सुरुवातीचे ज्ञान शून्य आणि अंदाजाने बरोबर येण्याची संभाव्यता ०.४१ अशी मूल्ये घेतली, बाकीचे दोन प्राचल तसेच ठेवले, तर वर्गाच्या सरासरी कामगिरीचा वक्र तंतोतंत तोच येतो. पहिल्या उदाहरणात ४१ टक्के बरोबर, दुसऱ्यात ४५.९ टक्के, आणि पुढेही तसेच. एका मांडणीनुसार तीस टक्के मुलांना आधीच येत होते. दुसरीनुसार कोणालाच येत नव्हते, फक्त अंदाज चांगला लागत होता. शिक्षकाच्या दृष्टीने या दोन वर्गांना शिकवण्यात केवढा फरक आहे! दोन्हींतला भेद सरासरीत कोठेच दिसत नाही. तो दिसतो एकेका विद्यार्थ्याच्या उत्तरांच्या क्रमात: पहिल्या मांडणीत पहिले उत्तर बरोबर देणाऱ्याचे दुसरे उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता सुमारे ०.६८ होते, तर दुसऱ्या मांडणीत पहिल्या उत्तराने काहीच कळत नाही आणि ती ०.४६च्या आसपास राहते.

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. पाठ्यपुस्तकातील शिकण्याचे आणि विसरण्याचे वक्र नेहमी गुळगुळीत असतात. मनातला बदल खरोखर असा सावकाश होतो का?

वक्र गुळगुळीत असणे आणि बदल सावकाश होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत हा या क्षेत्रातला सर्वांत जुना व सर्वांत चिवट दोष आहे.

शंभर विद्यार्थ्यांची कल्पना करा. प्रत्येकाला गोष्ट एका क्षणात उमगते. त्याआधी तो निव्वळ अंदाज बांधतो आणि त्यानंतर कधी चुकत नाही. फक्त तो क्षण प्रत्येकाच्या बाबतीत वेगवेगळ्या खेपेला येतो. या सर्वांची सरासरी काढली तर हळूहळू चढणारा सुरेख वक्र मिळेल, पण त्या वक्राप्रमाणे शिकलेला विद्यार्थी शंभरांत एकही नसेल. विल्यम एस्टीस यांनी १९५६ मध्ये समूहाच्या वक्रांवरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्यातील या धोक्याची सविस्तर चर्चा केली. पुढे गॉर्डन बॉवर यांनी १९६१ मध्ये संकेत व त्याचे उत्तर अशा जोड्या पाठ करण्याच्या साध्या कामात तपासणीची एक हुशार रीत वापरली. त्यांनी प्रत्येक जोडीसाठी व्यक्तीची शेवटची चूक शोधली आणि त्याआधीच्या प्रयत्नांकडे पाहिले. बदल सावकाश होत असता तर शेवटच्या चुकीकडे जाताना बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढत गेले असते. तसे झाले नाही. ते अंदाजाच्या पातळीवरच राहिले. त्या साध्या कामापुरते तरी शिकणे ‘सर्व किंवा काहीच नाही’ या धर्तीचे होते.

यावरून सगळे शिकणे असेच झटक्यात होते असे मात्र म्हणता येणार नाही. कौशल्याचा सराव घ्या. कामाला लागणारा वेळ सरावानुसार घात-नियमाने (power law) कमी होतो, असे ॲलन नेवेल आणि पॉल रोझेनब्लूम यांनी १९८१ मध्ये अनेक प्रकारच्या सामग्रीवरून (म्हणजे प्रयोगांच्या नोंदींवरून) दाखवले आणि तो नियम जवळजवळ सर्वमान्य झाला. पण २००० मध्ये हीथकोट, ब्राउन आणि म्यूहॉर्ट यांनी एकेका व्यक्तीची सामग्री वेगळी तपासली, तेव्हा बहुसंख्य व्यक्तींना वेगळ्याच सूत्राचा वक्र अधिक चांगला बसला: ज्यात उरलेल्या सुधारणेचा ठरावीक हिस्सा दर खेपेस पदरात पडतो. येथे बदल सावकाशच होता, पण त्याचा प्रचलित नियम बऱ्याच अंशी सरासरीतून जन्मला होता.

विसरण्याच्या बाबतीत हर्मान एबिंगहाउस यांचे १८८५चे काम या दोषातून काही अंशी सुटते, कारण त्यांनी सगळे प्रयोग एकट्या स्वतःवर केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या आणि ठरावीक काळानंतर पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. सुमारे वीस मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वाचले, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि एका महिन्यानंतर २१ टक्के. २०१५ मध्ये यॉप मुर्रे आणि योएरी ड्रॉस यांनी एकाच व्यक्तीवर हा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि वक्र मोठ्या प्रमाणात तसाच आला. तरीही, एका माणसाच्या अनेक याद्यांची सरासरी हीसुद्धा सरासरीच असते. दोन आठवणींपैकी एक दर दिवसाला निम्मी होत असेल आणि दुसरी दर दहा दिवसांनी, तर दोघींच्या सरासरीत पहिल्या दिवशी सुमारे २८ टक्के घट दिसेल आणि दहाव्या दिवसानंतर दिवसाला जेमतेम ७ टक्के. आठवण जुनी होताना टिकाऊ होत गेली असे वाटेल. प्रत्यक्षात कमजोर आठवण गळून गेली आणि टिकाऊ तेवढी मागे राहिली. आठवणी काळाबरोबर खरोखरही पक्क्या होतात याचे स्वतंत्र पुरावे आहेत, पण ते सरासरी वक्राच्या आकारावरून मिळालेले नाहीत.

प्रश्न : मी आज्ञावली लिहिण्याच्या व्यवसायात आहे. आम्ही घडवत असलेला स्वयंचलित एजंट येणारी प्रत्येक माहिती नोंदवहीसारखी साठवत जातो. त्याची अवस्था म्हणजे ही सगळी नोंदवही मानावी का, आणि नवी माहिती जुनीच्या विरुद्ध गेली तर काय करावे?

नोंदवही ठेवण्यास हरकत नाही, पण तिला अवस्था मानू नये. निर्णय घ्यायला ती दर वेळी पहिल्या पानापासून वाचावी लागेल. जगाची खरी स्थिती एजंटाला अंशतःच दिसते तेव्हा त्याने ‘जग कोणकोणत्या स्थितींत असू शकते आणि प्रत्येकीची संभाव्यता किती’ हे वाटप जवळ बाळगावे. जग कसे बदलते आणि निरीक्षणे कशी येतात हे ठाऊक असेल, तर उत्तम निर्णयासाठी एवढे वाटप पुरते, इतिहास लागत नाही, हे कार्ल ऑस्ट्रम यांनी १९६५ मध्येच दाखवले होते. बदल रेषीय असतील आणि त्रुटी प्रसामान्य वाटपाच्या (घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरलेल्या) असतील तर सरासरी आणि विचरण, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, या दोनच गोष्टी पुरतात. रुडॉल्फ कालमन यांची १९६०ची गाळणी (Kalman filter), म्हणजे सदोष निरीक्षणांतून खऱ्या स्थितीचा अंदाज काढण्याची रीत, याच तत्त्वावर चालते आणि अपोलो यानांच्या मार्गनिर्धारणात ती वापरली गेली.

विरोधी माहितीबद्दल आधी एक गोष्ट ठरवा: एजंटाची समजूत चुकीची होती, की जग बदलले? समजा, एजंटाला पक्के ठाऊक आहे की दोन दारांपैकी नेमके एकच उघडे आहे, पण कोणते ते माहीत नाही. त्याला कळते की डावे दार उघडे आहे. ही बातमी जुन्याच स्थितीबद्दल असेल, तर उजवे बंद आहे असा निष्कर्ष काढणे बरोबर ठरेल. पण कोणीतरी नुकतेच जाऊन डावे दार उघडले अशी बातमी असेल, तर उजव्याबद्दल काहीच सांगता येत नाही. ते आधीपासून उघडे असू शकेल. दोन्ही प्रसंगी मिळालेले वाक्य एकच, ‘डावे दार उघडे आहे’, आणि तरी अवस्थेतील बदल निराळा. धारणा दुरुस्त करण्याचे नियम अल्चुरोन, गार्डनफोर्स आणि मेकिन्सन यांनी १९८५ मध्ये मांडले. जग बदलल्यावर धारणा अद्ययावत करण्याचे नियम त्यांहून वेगळे असले पाहिजेत, हे कात्सुनो आणि मेंडेलझॉन यांनी १९९१ मध्ये स्पष्ट केले. आमच्या पाहण्यात येणाऱ्या अनेक आज्ञावल्या दोन्हींसाठी एकच ‘जुने पुसा, नवे लिहा’ ही रीत वापरतात, आणि मग एजंट कधी नको तो निष्कर्ष काढतो तर कधी हवा तो काढत नाही.

धारणांखेरीज आपल्या एजंटाला हेतूही असतील. मायकेल ब्रॅटमन या तत्त्वज्ञाने १९८७ मध्ये असे प्रतिपादन केले की हेतू म्हणजे केवळ तीव्र इच्छा नव्हे. एकदा केलेला संकल्प पुढचा विचार मर्यादित करतो आणि तेच त्याचे काम आहे. डेव्हिड किनी आणि मायकेल जॉर्जेफ यांनी १९९१ मध्ये संगणकीय प्रयोगांत ठाम आणि सावध एजंटांची तुलना केली. जग संथ बदलत असताना ठाम एजंट पुढे राहिले आणि जग झपाट्याने बदलू लागल्यावर योजनेचा वारंवार फेरविचार करणारे सावध एजंट सरस ठरले. आपल्या एजंटाने संकल्प किती वेळाने तपासावा, हे त्यामुळे एजंटाकडे पाहून ठरत नाही. त्याच्या परिसराचा बदलण्याचा वेग मोजावा लागतो.

प्रश्न : एक कर्ता दुसऱ्याच्या मनाचा विचार करतो, दुसरा पहिल्याच्या विचाराचा विचार करतो. ही साखळी संपतच नाही. प्रतिमानात ती कशी सामावते?

तर्कशास्त्राच्या वाटेने गेल्यास ती आश्चर्यकारक थोडक्यात सामावते. याक्को हिंटिक्का यांनी १९६२ मध्ये ज्ञानाची मांडणी शक्य जगांच्या भाषेत केली: कर्त्याला जी जगे एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत, त्या सर्वांत जे खरे असते ते त्याला ठाऊक असते. नवी माहिती मिळणे म्हणजे काही जगे खोडली जाणे.

तिघांचे जुने कोडे घ्या. तिघांपैकी दोघांच्या कपाळावर डाग आहे. प्रत्येकाला इतरांचे कपाळ दिसते, स्वतःचे दिसत नाही. कोणी मोठ्याने सांगतो की तुमच्यापैकी किमान एकाला डाग आहे. हे तर तिघांनाही आधीच दिसत होते! तरीही अवस्था बदलते, कारण शक्य असलेल्या आठ जगांपैकी ‘कोणालाच डाग नाही’ हे जग सर्वांच्या देखत खोडले गेले. मग विचारले जाते, ‘स्वतःला डाग आहे हे कोणाला कळले?’ सगळे गप्प राहतात. एकालाच डाग असता तर इतर दोन कपाळे स्वच्छ पाहून त्याला ते लगेच कळले असते, म्हणून त्या गप्प राहण्यानेच ‘एकालाच डाग आहे’ अशी तीन जगे खोडली जातात. दुसऱ्यांदा विचारताच डाग असलेले दोघेही हो म्हणतात. घोषणा प्रत्येकाच्या कानात वेगवेगळी सांगितली असती तर हे घडले नसते.

माणसे मात्र ही साखळी फार लांब नेत नाहीत. रोझमेरी नागेल यांनी १९९५ मध्ये एक खेळ तपासला, ज्यात प्रत्येकाने शून्य ते शंभरपैकी एक संख्या निवडायची आणि सर्वांच्या सरासरीच्या दोन तृतीयांशाला जवळ असणारा जिंकतो. साखळी शेवटपर्यंत नेली तर उत्तर शून्य येते. लोकांची उत्तरे मात्र ३३ आणि २२ यांच्या आसपास दाटली होती, म्हणजे विचाराच्या एक-दोन पायऱ्या (५०चे दोन तृतीयांश ३३, त्याचे पुन्हा दोन तृतीयांश २२). मानवी वर्तनाच्या प्रतिमानात म्हणून तेवढीच खोली ठेवणे बहुधा पुरते.

प्रश्न : माझ्या प्रकल्पात विद्यार्थ्यांची उत्तरे आणि प्रत्येक उत्तराची वेळ अशी सामग्री आहे. प्रतिमानातील काळाचा टप्पा किती ठेवावा, आणि निष्कर्ष काढण्याआधी काय तपासावे?

टप्पा प्रश्नाप्रमाणे बदलतो. एका निर्णयाच्या आत पुरावा कसा साचतो हे पाहायचे असेल तर मिलिसेकंदांत हिशेब करावा लागतो; रॉजर रॅटक्लिफ यांचे १९७८चे प्रतिमान त्या पातळीचे आहे. जॉन अँडरसन यांच्या बोधनरचनेत, म्हणजे मनाच्या निरनिराळ्या व्यवहारांच्या एकत्रित संगणकीय प्रतिमानात, एका पायरीला साधारण ५० मिलिसेकंद धरतात. आपला प्रश्न शिकण्याचा असल्याने एक उत्तर हा एक टप्पा ठेवणे सोयीचे, पण मग दोन उत्तरांमधला काळ वाया घालवू नका. तो काळ मिनिटांपासून आठवड्यांपर्यंत पसरलेला असेल तर ‘येतो’ वरून ‘येत नाही’ वर परतण्याची संभाव्यता अंतरानुसार वाढती ठेवा आणि तिच्यासह व तिच्याविना अशी दोन्ही प्रतिमाने, प्राचल काढताना न वापरता बाजूला ठेवलेल्या सामग्रीवर पडताळा.

त्याआधी एक तपासणी अवश्य करा. स्वतः ठरवलेल्या प्राचलांनी कृत्रिम विद्यार्थ्यांची उत्तरे तयार करा. त्यांची संख्या आणि प्रत्येकाच्या उत्तरांची संख्या आपल्या खऱ्या सामग्रीइतकीच ठेवा. त्या उत्तरांवरून, मूळ मूल्ये ठाऊक नाहीत असे धरून, प्राचल पुन्हा काढा आणि हे अनेक वेळा करा. मूळ मूल्ये जवळपास परत मिळाली तर खऱ्या सामग्रीवरचे आकडे मांडायला हरकत नाही. सुरुवातीचे ज्ञान आणि अंदाजाची संभाव्यता हे दोन प्राचल दर वेळी वेगवेगळे येत असतील, पण त्यांच्यावरून निघणारे पहिल्या उत्तराचे यशप्रमाण मात्र स्थिर राहत असेल, तर आपल्या सामग्रीत त्या दोहोंना वेगळे करण्याइतकी माहिती नाही. अशा वेळी प्रकल्पात यशप्रमाणच नोंदवावे, आणि किती विद्यार्थ्यांना आधीच येत होते याबद्दल विधान करू नये.